बेसचे दोन कान: पिकअप, आतली जोडणी आणि स्टिरिओ म्हणजे नेमकं काय

आमच्या सोसायटीतला अकरावीतला एक मुलगा परवा त्याचा नवा बेस गिटार घेऊन घरी आला. चेहरा उतरलेला. केबल खोचायचं सॉकेट त्याने उघडून पाहिलं होतं आणि त्याला दोनऐवजी तीन टोकं दिसली होती. त्यावरून बेस स्टिरिओ आहे असं ठरवून त्याने स्टिरिओ केबल विकत आणली. ती लावली आणि बेस मुकाच झाला. जुनी केबल लावली की वाजतो, नवी लावली की गप्प. "दादा, दुकानदाराने खराब पीस दिला का?"

खराब काहीच नव्हतं. सॉकेट चांगलं, केबल चांगली, बेसही चांगला. तीन टोकं म्हणजे स्टिरिओ, एवढी एक समजूत चुकीची होती. पण ती का चुकीची हे सांगायला बसलो तर पिकअपपासून सुरुवात करावी लागली, आणि दोन तास कसे गेले ते कळलं नाही. बेस वाजवणाऱ्या कितीतरी मुलांना सूर, लय, बोटांचं वळण सगळं शिकवलं जातं, पण लाकडाच्या आत काय चाललंय हे कुणी सांगत नाही. म्हणून ते सगळं इथे लिहितो.

गाभा सुरुवातीलाच सांगतो, म्हणजे पुढचं सगळं त्याला जोडून वाचता येईल. बेसवर दोन पिकअप (तारांची हालचाल टिपणारे भाग) असतील तर त्यांचे आवाज कुठेतरी एकत्र यावे लागतात. ते कुठे आणि कसे एकत्र येतात, त्यावर बेसचा स्वभाव ठरतो. बेसच्या पोटातच ते मिसळले तर मोनो. न मिसळता दोन वेगळ्या वाटांनी बाहेर आले तर स्टिरिओ.

पिकअप काय ऐकतो

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची तार. ही तार केसाइतकी बारीक असते, साधारण ०.०६ मिलिमीटर, आणि तिचे हजारो वेढे असतात. या गुंडाळीला कॉइल म्हणतात. वरची पोलादी तार चुंबकाच्या क्षेत्रात थरथरली की ते क्षेत्र हलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज तयार होते. मायकेल फॅरेडेने १८३१ साली दाखवलेलं विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच, दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं. पिकअप हवेतला आवाज ऐकत नाही, तो धातूची हालचाल ऐकतो. म्हणून नायलॉनच्या तारांवर त्याचा काही उपयोग नाही.

हे तत्त्व वापरून चालणारी पहिली इलेक्ट्रिक गिटार कॅलिफोर्नियात जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी १९३०च्या दशकाच्या आरंभी बाजारात आणली. बेसला मात्र थांबावं लागलं. १९५१ साली, कॅलिफोर्नियातल्याच फुलर्टन गावी, लिओ फेंडरने प्रिसिजन बेस काढला. तोवर बेस म्हणजे माणसापेक्षा उंच, उभा धरून वाजवायचा डबल बेस. फेंडरचा बेस गळ्यात अडकवता येत होता आणि त्याच्या मानेवर फ्रेट, म्हणजे धातूच्या आडव्या पट्ट्या, होत्या, म्हणून सूर अचूक लागत होता. 'प्रिसिजन' हे नाव त्यावरूनच आलं. त्याला पिकअप एकच होता, आणि तो कुठे बसवला होता हे फार महत्त्वाचं आहे.

जागा ठरवते, पिकअप नंतर

तानपुरा ऐकताना एक अनुभव आपल्या सगळ्यांना असतो. खर्जाची तार छेडली की तिच्यातून गंधार उमटतो. तो कुणी लावलेला नसतो, म्हणून त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. तार एकाच वेळी अनेक प्रकारे हलत असते, त्यातून तो येतो. ती पूर्ण लांबीने हलते, दोन भागांत हलते, तीन, चार, पाच भागांत हलते. पाच भागांत हलताना जो सूर निघतो तो गंधार. बेसची ए तार सेकंदाला ५५ वेळा कंप पावते. त्याच वेळी तिच्यात ११०, १६५, २२० आणि २७५ हर्ट्झही असतात, आणि त्यापुढचेही. हे सगळे उपस्वर मिळून त्या तारेचा रंग बनतो.

तार चार भागांत हलते तेव्हा त्या भागांच्या सांध्यांवर ती स्थिर असते. शाळेत या जागांना निस्पंद बिंदू म्हणायचे. प्रिसिजन बेसच्या तारेची लांबी ३४ इंच, म्हणजे ८६४ मिलिमीटर. ब्रिजपासून, म्हणजे तारा खालच्या टोकाला जिथे टेकतात तिथून, २१६ मिलिमीटरवर मोकळ्या तारेचा चौथा उपस्वर जवळपास हलतच नाही. तिथे कोणी पिकअप ठेवला तर तो उपस्वर त्याला ऐकूच येणार नाही. मग चुंबक कितीही भारी असो, तांबं कितीही शुद्ध असो.

म्हणजे पिकअप हा एका जागी बसवलेला कान आहे. ब्रिजजवळ तार ताठ असते, थोडीच हलते. तिथल्या कानाला खर्ज कमी आणि वरचे उपस्वर जास्त ऐकू येतात. आवाज कडक, नाकातून आल्यासारखा. मानेकडे सरकावं तसा खर्ज गोल आणि भरदार होत जातो. प्रिसिजनचा पिकअप ब्रिजपासून साधारण १४ सेंटिमीटरवर आहे, ना फार इकडे ना फार तिकडे. इतकी वर्षं हजारो रेकॉर्डिंगमध्ये तोच एक आवाज चालला याचं मोठं श्रेय मी त्या जागेला देतो. डेट्रॉइटच्या मोटाउन कंपनीचा वादक जेम्स जेमरसन १९६२च्या प्रिसिजनवर वाजवायचा. एकच पिकअप, सपाट वेटोळ्याच्या तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोमचा तुकडा, आणि उजव्या हाताचं बहुतेक सगळं काम एका तर्जनीचं. बटणं फिरवून मिळवलेला तो टोन नव्हताच.

टोन बदलायचा म्हणून नवे पिकअप मागवणाऱ्याला मी आधी एवढंच सुचवतो: उजवा हात दोन बोटं ब्रिजकडे सरकवून वाजव. छेडण्याची जागाही उपस्वर ठरवते, आणि त्याला पैसे पडत नाहीत.

घूं आवाजाचा बंदोबस्त

पिकअपची कॉइल तारेचं ऐकते, तशीच भोवतालच्या विजेचंही ऐकते. घरातला ट्रान्सफॉर्मर, ट्यूबलाइट, मांडवातली लाइटिंग, सगळ्यातून येणारी ५० हर्ट्झची घूं तिच्यात शिरते. भारतात हे बेसवाल्याला जास्तच खुपतं. ई तारेवर तिसरा फ्रेट दाबला की जो जी सूर येतो तो ४९ हर्ट्झचा. म्हणजे आपल्या विजेची घूं आणि बेसचा खालचा जी अगदी शेजारी बसलेले. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, तिथे ती बी सुराच्या जवळ जाते. घूंमध्ये १०० हर्ट्झचीही भर असते, आणि बेसच्या ऐन कामाची जागा तीच. त्यामुळे ती गाळायला जावं तर सूरही गाळला जातो.

उपाय मात्र फार देखणा आहे. दोन कॉइल घ्यायच्या. दुसरीचे वेढे उलट दिशेने घ्यायचे आणि तिचं चुंबकही उलटं ठेवायचं. बाहेरची घूं चुंबकाला विचारत नाही, ती फक्त वेढ्यांची दिशा पाहते. म्हणून दुसऱ्या कॉइलमध्ये ती उलटी येते आणि पहिलीतल्या घूंला खोडून काढते. तारेचा आवाज मात्र दोनदा उलटतो, एकदा वेढ्यांमुळे आणि एकदा चुंबकामुळे. वजा गुणिले वजा बरोबर अधिक. तो खोडला जात नाही, त्याची बेरीज होते. गिब्सन कंपनीत सेथ लव्हरने १९५५ साली या कल्पनेवर गिटारचा हम्बकर बांधला. फेंडरने १९५७ साली प्रिसिजनचा पिकअप दोन तुकड्यांत विभागला, एक तुकडा ई आणि ए तारांखाली, दुसरा डी आणि जी तारांखाली. ते तुकडे थोडे मागे-पुढे बसवलेले दिसतात, तोच हा. प्रत्येक तारेला एकच कॉइल ऐकते, तरी घूं मात्र दोघी मिळून मारतात.

दोन कान एकत्र आले की

१९६० साली फेंडरने जॅझ बेस काढला. दोन पिकअप, एक ब्रिजपासून साधारण १५ सेंटिमीटरवर, दुसरा साधारण ६ सेंटिमीटरवर. सत्तरच्या दशकात ब्रिजचा पिकअप जवळपास १ सेंटिमीटर आणखी मागे गेला, आणि तेवढ्यानेही आवाज बदलला. जको पास्टोरियस या नामवंत बेसवादकाचा नाकात गाणारा, बोलका आवाज आठवा. १९६२चा जॅझ बेस, फ्रेट काढून टाकलेला, आणि मुख्यतः ब्रिजचा पिकअप.

दोन्ही पिकअप पूर्ण उघडले की आवाजाचा मधला भाग बसल्यासारखा होतो. खाली खर्ज, वर चमक, मध्ये पोकळी. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून, वाजवणाऱ्यांना तो फार आवडतो. हे का होतं, याचा नीट खुलासा मला बरीच वर्षं कुणाकडून मिळाला नव्हता. शेवटी कागदावर तार काढून पाहिली तेव्हा उलगडलं.

एखादा उपस्वर घ्या. तार लाटेसारखी हलते, काही भाग वर जातो तेव्हा शेजारचा भाग खाली येतो. दोन्ही पिकअप एकाच भागाखाली असले तर दोघांना सारखंच ऐकू येतं आणि बेरीज होते. लाट आखूड झाली, की एक पिकअप वर जाणाऱ्या भागाखाली येतो आणि दुसरा खाली येणाऱ्या भागाखाली. मग एकाचं दुसऱ्यातून वजा होतं. वर दिलेली अंतरं धरून हिशोब केला तर ई तारेवर ही वजाबाकी साधारण २४० ते ४७५ हर्ट्झमध्ये पडते आणि जी तारेवर साधारण ५६० ते ११३० हर्ट्झमध्ये. आणि यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की डाव्या हाताने कुठलाही फ्रेट दाबा, त्या तारेवरची ही जागा हलत नाही. पिकअपचं ब्रिजपासूनचं अंतर ठरलेलं, तारेची जाडी आणि ताण ठरलेला, म्हणून वजाबाकीची जागाही ठरलेली. जॅझ बेसचा स्वभाव मानेवर वरखाली कुठेही वाजवलं तरी ओळखू येतो, त्याला हे एक मोठं कारण आहे.

आता एका पिकअपचं व्हॉल्यूम किंचित कमी करा. वजाबाकी अर्धवट राहते आणि मधला आवाज वर येतो. जॅझ बेसवर खरा टोनचा खजिना दोन व्हॉल्यूमच्या या नात्यात आहे, तिसऱ्या, टोनच्या बटणात तेवढा नाही. पण त्याची किंमतही लगेच कानावर येते. या दोन पिकअपचे वेढे आणि चुंबकं एकमेकांच्या उलट असतात, म्हणून दोन्ही सारखे उघडे असले तरच घूं मरते. एक कमी केला की ती परत डोकं वर काढते. हे लक्षात ठेवा, स्टिरिओच्या वेळी पुन्हा लागेल.

एकत्र आणायची आणखी एक तऱ्हा आहे, एकसर जोडणी. जॅझ बेसमध्ये दोन पिकअप समांतर असतात, घरातल्या दिव्यांसारखे. त्यांना दिवाळीच्या जुन्या माळेसारखं एकापुढे एक जोडलं तर आवाज मोठा, जाड आणि थोडा मंद होतो, प्रिसिजनच्या वळणावर जाणारा. एका छोट्या स्विचने दोन्ही तऱ्हा मिळतात. जॅझ बेसवर काही करायचंच असेल तर मी सगळ्यात आधी हा स्विच बसवेन.

टोनचं बटण आणि रिकनबॅकरचा उलटा कपॅसिटर

टोनचं बटण आवाजात काही घालत नाही. त्याच्यामागे एक कपॅसिटर असतो. वरच्या वारंवारता त्याच्यातून सहज निसटतात, खर्ज अडतो. बटण कमी केलं की वरचा आवाज कपॅसिटरमधून ग्राउंडला वाहून जातो आणि उरतो तो मऊ आवाज. नेहमीचं मूल्य ०.०४७ मायक्रोफॅरड. कपॅसिटरवर ते '४७३' असं छापलेलं असतं: ४७ आणि त्यापुढे तीन शून्यं, इतके पिकोफॅरड. कपॅसिटर कुठल्या पदार्थाचा, कागद-तेलाचा की प्लास्टिकचा, यावर लोक हिरिरीने भांडतात. माझं मत स्पष्ट आहे. मूल्य सारखं असेल तर बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला मिळणारा साधा कपॅसिटर तेच काम करतो. वाचलेले पैसे चांगल्या तारांवर घालवावेत.

हाच कपॅसिटर दुसऱ्या जागी लावला की काय होतं, ते रिकनबॅकर कंपनीने दाखवलं. त्यांच्या ४००१ या बेसमध्ये ब्रिजच्या पिकअपच्या वाटेतच ०.००४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असायचा. इथे तो ग्राउंडकडे जाणाऱ्या फाट्यावर नाही, मुख्य रस्त्यावर उभा आहे. म्हणून काम नेमकं उलटं: वरचा आवाज पुढे जातो, खर्ज अडतो. ब्रिजचा पिकअप मुळातच कडक, त्याचा खर्ज आणखी छाटला, आणि तयार झाला तो रिकनबॅकरचा टणत्कार. विकत घेताना या कपॅसिटरवर '४७२' छापलेलं असतं. एका आकड्याचा फरक, पण मूल्य दहापट वेगळं, तेव्हा दुकानात डोळे उघडे ठेवा.

बॅटरीवाला बेस, आणि त्या मुलाचं सॉकेट

साध्या बेसमध्ये एक अडचण असते. पिकअपचा आवाज फार नाजूक असतो आणि केबल लांब झाली की वरची चमक तिच्यात हरवते, कारण केबल स्वतःच एक छोटा कपॅसिटर आहे. उपाय म्हणजे बेसच्या पोटातच लहान ॲम्प्लिफायर (प्रीॲम्प) बसवायचा आणि त्याला ९ व्होल्टची बॅटरी द्यायची. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातल्या अलेम्बिक कंपनीने हे काम फार वरच्या दर्जाला नेलं. १९७६ साली म्युझिक मॅनच्या स्टिंगरेने ते सर्वसामान्य वादकापर्यंत आणलं. अशा बेसवर खर्ज आणि वरचा आवाज नुसता छाटता नाही, वाढवताही येतो.

आता बॅटरी सतत चालू राहिली तर संपून जाईल. त्यासाठी बहुतेक कंपन्यांनी एक हुशारी केली. तीन टोकांचं सॉकेट वापरलं. ही टोकं पिनेच्या तीन भागांना टेकतात: टोक म्हणजे टिप, मधलं कडं म्हणजे रिंग, मागचा लांब भाग म्हणजे स्लीव्ह. टिपला आवाज, स्लीव्हला ग्राउंड, आणि मधल्या रिंगला बॅटरीची वजा बाजू. साध्या मोनो केबलच्या पिनेला रिंग वेगळी नसते, तिचा लांब धातूचा भाग रिंग आणि स्लीव्ह या दोन्ही टोकांना एकदम टेकतो. केबल घातली की बॅटरी जोडली जाते, काढली की तुटते. म्हणजे ते तिसरं टोक बॅटरीचा स्विच आहे.

त्या मुलाने स्टिरिओ केबल घातली. तिच्या पिनेवर रिंग आणि स्लीव्ह वेगवेगळे असतात, त्यामुळे दोन टोकं जोडलीच गेली नाहीत. बॅटरी बंद, बेस गप्प. सॉकेट बरोबर काम करत होतं. (आणि हो, वाजवून झालं की बॅटरीच्या बेसची केबल काढून ठेवा. भिंतीला टेकवलेल्या बेसमध्ये केबल तशीच राहिली तर बॅटरी रात्रभर चालू राहते.)

मग खरा स्टिरिओ कोणता

स्टिरिओ रेकॉर्ड १९५८च्या सुमारास दुकानात आल्या आणि अमेरिकन गिटार कंपन्यांना स्टिरिओचं वेड लागलं. ग्रेच आणि गिब्सन यांनी स्टिरिओ गिटारी काढल्या. रिकनबॅकरने आपल्या जोडणीला नाव दिलं रिक-ओ-साउंड. त्यात बेसच्या कडेला दोन सॉकेट असतात. एकावर 'स्टँडर्ड' असं लिहिलेलं, तिथे दोन्ही पिकअप मिसळून येतात. दुसऱ्यावर 'रिक-ओ-साउंड'. त्यात स्टिरिओ केबल घातली की मानेचा पिकअप एका वाटेने आणि ब्रिजचा दुसऱ्या वाटेने बाहेर येतो. यात कुठलीही जादू नाही. जी दोन टोकं आत जोडली जायची ती न जोडता बाहेर आणली, एवढंच.

हे ऐकून मनात डावा-उजवा स्पीकर येतो. बेसच्या बाबतीत तसा विचार करू नका. मोकळ्या ई तारेच्या ४१ हर्ट्झची हवेतली लाट ८ मीटरहून लांब असते. इतक्या लांब लाटेची दिशा आपल्या कानांना नीट कळत नाही. बेस डावीकडून येतोय की उजवीकडून, यातून ऐकणाऱ्याला फारसं काही मिळत नाही. बेसमधल्या स्टिरिओचा फायदा वेगळाच आहे: दोन कानांना दोन वेगळी वागणूक देता येते.

येस या ब्रिटिश बँडच्या क्रिस स्क्वायरने ते सगळ्यात चांगलं दाखवलं. त्याचा रिकनबॅकर मूळचा मोनो होता, त्याने तो स्टिरिओ करून घेतला. मग खर्ज एका ॲम्पला आणि कडक आवाज दुसऱ्या ॲम्पला. वरचा आवाज कितीही खरखरीत केला तरी खालचा खर्ज स्वच्छ राहतो. मिसळलेल्या बेसवर डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम खरखरीत करणारा इफेक्ट) लावून पाहा, पहिला बळी खर्जाचा जातो आणि ड्रमसोबतचा पाया सुटतो. दोन वाटा असल्या की हे टळतं. या कल्पनेचं टोक पाहायचं तर ग्रेटफुल डेड या अमेरिकन बँडच्या बेसवादक फिल लेशकडे बघावं. १९७४च्या त्यांच्या वॉल ऑफ साउंड या प्रचंड ध्वनियंत्रणेत त्याच्या बेसच्या चारही तारांचा आवाज चार वेगळ्या वाटांनी स्पीकरपर्यंत नेता येत होता.

स्वतः करायचं असेल तर

मी माझा साधा, बॅटरी नसलेला जॅझ पद्धतीचा बेस काही वर्षांपूर्वी स्टिरिओ केला. काम छोटं वाटलं. दोन व्हॉल्यूमची बाहेर जाणारी टोकं जिथे जोडलेली होती तिथून सोडवली, एक टिपला, दुसरं रिंगला, ग्राउंड स्लीव्हला. डाग दिले, लावून पाहिलं, दोन्हीकडे एकच आवाज. तासभर शोधल्यावर सापडलं. टोनचं बटण दोन्ही पिकअपसाठी सामाईक असतं. त्याच्याकडे जाणाऱ्या तारा मी तशाच ठेवल्या होत्या, त्यामुळे दोन्ही आवाज तिथे गुपचूप भेटत होते. स्टिरिओ करायचं तर टोनही दोन लागतात, किंवा एकाच दांड्यावर दोन पॉट (बटणाखालचे फिरते रोध) असलेलं बटण. नाहीतर एका वाटेवरचा टोन सोडून द्यायचा. मी ब्रिजच्या वाटेवरचा सोडला आणि मला तो कधी आठवलाही नाही.

दुसरा धडा गणेशोत्सवातल्या कार्यक्रमात मिळाला. माझी स्टिरिओ केबल घरी राहिली आणि मी हाताला लागली ती मोनो केबल खोचली. तिच्या पिनेने रिंग आणि स्लीव्ह जोडून टाकले, म्हणजे माझा मानेचा पिकअप थेट ग्राउंडला गेला. सगळा कार्यक्रम ब्रिजच्या पातळ आवाजावर काढावा लागला. गायकाच्या पाठीशी खर्जच नव्हता, आणि त्याची खंत मला अजून वाटते. दुसऱ्याच दिवशी मी रिकनबॅकरसारखं दुसरं मोनो सॉकेट बसवलं. एक मोनो, एक स्टिरिओ. हीच रचना सगळ्यात शहाणपणाची आहे असं माझं मत झालं आहे.

तिसरी गोष्ट घूंची. मघाशी लक्षात ठेवायला सांगितलं होतं ते हेच. जॅझ बेसमध्ये घूं मरते ती दोन पिकअप मिसळल्यामुळे. स्टिरिओत आपण त्यांना मिसळूच देत नाही, म्हणून दोन्ही वाटांवर घूं येते. त्यामुळे स्टिरिओ करायचंच असेल तर घूं आपल्यापुरती स्वतःच मारणारे पिकअप घ्या, हम्बकर किंवा जॅझच्या मापात मिळणारे, एकाखाली एक दोन कॉइल असलेले.

दोन ॲम्प दोन वेगळ्या प्लगांत लावले की ग्राउंडचं चक्र पूर्ण होऊन आणखी एक घूं येते. त्यासाठी मध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असलेली पेटी लावतात. काही जण तीन पिनांच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. ते कृपा करून कधीही करू नका. ओल्या मांडवात, घामेजल्या हातांनी, धातूच्या तारांना धरून आपण उभे असतो. ती पिन आपल्या जिवासाठी आहे.

आणि दोन वाटांपैकी एकीवर डिजिटल इफेक्ट असेल तर आवाज जरा उशिरा पोहोचतो. २ मिलिसेकंदांचा उशीर काहीच वाटत नाही, पण २५० हर्ट्झसाठी ती बरोबर अर्धी लाट आहे. दोन्ही वाटा पुढे मिक्सरवर एकत्र आल्या की तो भाग खोडला जातो. बेस अचानक पोकळ वाटला तर इक्वलायझरला हात लावण्याआधी हा उशीर तपासा. आपल्याकडच्या बहुतेक मांडवांत शेवटी सगळं एकाच मोनो ध्वनियंत्रणेत जातं, त्यामुळे हा प्रसंग हटकून येतो.

मुलाने शेवटी विचारलं, "मग माझा बेस स्टिरिओ करता येईल?" त्याच्या बेसमध्ये दोन पिकअप आधी मिसळतात आणि मग एकाच वाटेच्या प्रीॲम्पमध्ये जातात. स्टिरिओसाठी तो प्रीॲम्प काढून दोन वाटांचा बसवावा लागेल. मी त्याला थांबायला सांगितलं. त्याला हवा होता तो स्वच्छ खर्ज आणि वर खरखर. तेवढं बेस न उघडताही जमतं: बेसमधून निघालेला एकच आवाज बाहेर दोन वाटांत फोडायचा, एकीवर फक्त खालचा भाग ठेवायचा, दुसरीवर फक्त वरचा, आणि डिस्टॉर्शन दुसरीवर. दोन पिकअपच्या दोन जागांचा फरक यात मिळत नाही, पण अकरावीच्या मुलाच्या बँडला हे पुष्कळ आहे.

मग मी माझा बेस दोन ॲम्पना लावला आणि त्याच्या हातात एक छोटा स्क्रू ड्रायव्हर दिला. जोडणी बरोबर झाली की नाही ते पाहायची ही सगळ्यात सोपी चाचणी. आवाज अगदी कमी ठेवायचा आणि पिकअपच्या चुंबकावर हलकेच टेकवायचं. त्याने मानेच्या पिकअपवर टेकवलं, डावीकडच्या ॲम्पमध्ये टक्. ब्रिजच्या पिकअपवर टेकवलं, उजवीकडे टक्. मग त्याने मोनोच्या सॉकेटमध्ये केबल घातली, पुन्हा दोन्हीकडे टेकवून पाहिलं, आणि दोन्ही टक् एकाच ॲम्पमधून आले.